आर१५ अपडेट: बॅटरी कोण संपवत होतं ते सापडलं

सापडलं एकदाचं! माझी यामाहा आर१५ बाइक तीन-चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरून सुरूच व्हायची नाही. मागच्या अपडेटनंतर "बॅटरीच गेली, बदलून टाक" असं छातीठोकपणे सांगणाऱ्या सगळ्यांना नम्र निवेदन: बॅटरी ठणठणीत आहे. चोरीच्या भीतीनं गाडीत बसवलेला ट्रॅकरही धडधाकट आहे. खरी गुन्हेगार आमच्या सोसायटीची पाण्याची मोटार निघाली.

नव्या मंडळींसाठी आधीचं थोडक्यात. उंची पाच फूट तीन इंच, हात बसलेला फक्त स्कूटरवर, गाव कोल्हापूर. पहिली बाइक निवडताना शेवटच्या फेरीत सुझुकीची जिक्सर एसएफ २५० आणि आर१५ व्ही४ उरल्या होत्या. सीट जिक्सरची ८०० एमएम, आर१५ची ८१५. कागदावर माझ्यासारखीला जिक्सर बरी. पण ती १६१ किलो, ही १४२. पंधरा एमएम जाड सोलच्या बुटात भरून निघतात. एकोणीस किलो मात्र गाडी पार्किंगमधून उलटी ढकलत काढताना रोज भेटतात. म्हणून आर१५ घेतली. तिच्या इंजिनाच्या १८.४ पीएस ताकदीला हसायचं त्यांनी खुशाल हसावं, पन्हाळ्याच्या वळणांवर मला तेवढे पुरून उरतात. बारामतीत तयार होणारी एप्रिलियाची आरएस ४५७ डोक्यातून गेलेली नाही, पण सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वर ४० टक्के जीएसटी आणि खाली १८. पहिली गाडी एकदा तरी आडवी होणारच, मग ती महागाची कशाला?

आता मेख अशी की ज्या हलकेपणावर मी भाळले, त्यावर चोरही भाळतो. हँडल लॉक म्हणजे एका लाथेचं काम. डिस्क लॉक लावला तर गाडी ढकलता येत नाही, पण १४२ किलो उचलून टेम्पोत टाकायला दोन तगडी माणसं पुरतात. म्हणून पुढच्या डिस्कला लॉक, मागच्या चाकातून जाड चेन आणि आत लपवलेला जीपीएस ट्रॅकर, असा तिहेरी बेत होता. त्यातल्या ट्रॅकरनंच घाम काढला.

लक्षण तुम्हाला माहीतच आहे. गाडी तीन-चार दिवस उभी राहिली की सेल्फ नुसतं टकटक करायचं. आर१५ला किक नाही, आणि बॅटरी पार बसली असेल तर एफआयची (फ्युएल इंजेक्शनची) गाडी धक्का मारूनही नखरे करते, कारण फ्युएल पंपालाच व्होल्टेज मिळत नाही. ज्यांच्याकडून ट्रॅकर घेतला त्यांचं पालुपद एकच: "मॅडम, आपला माल पाच मिलीअँपच खातो." वैताग असा की मोजलं की खरंच पाच यायचे!

मोजायची पद्धत पुन्हा एकदा लिहिते, कारण दोघातिघांनी विचारलंय. इग्निशन बंद. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची आणि मल्टिमीटर त्या वायर आणि टर्मिनलच्या मध्ये सिरीजमध्ये घालायचा. सुरुवात दहा अँपिअरच्या रेंजवर, कारण सप्लाय मिळाल्या मिळाल्या ट्रॅकर जागा होऊन नेटवर्क शोधत बसतो. तो शांत झाला की २०० मिलीअँपच्या रेंजवर यायचं. त्या रेंजवर असताना चुकूनही चावी फिरवायची नाही, मीटरचा फ्यूज उडतो. ट्रॅकर काढून माझ्या गाडीचा स्वतःचा खप एका मिलीअँपच्या आत. ट्रॅकर झोपलेला असताना पाच. जागा असताना आकडा चाळीस ते साठच्या मध्ये उड्या मारतो.

आता हिशोब मांडा. या गाडीची बॅटरी जेमतेम ४ अँपिअर-अवरची. पाच मिलीअँपनं ती ८०० तास पुरेल, म्हणजे महिनाभर. पन्नासनं ८० तास, आणि सेल्फ तर त्याच्या कितीतरी आधी मान टाकतं. म्हणजे ट्रॅकर झोपतच नव्हता. पण मी मोजायला बसले की शहाण्यासारखा डोळे मिटायचा.

धागा दिला तो आमच्या वॉचमन मामांनी. "ताई, तुमचं ते कुलूप रातभर वरडतंय बघा. मोटर लागली की झालंच सुरू." डिस्क लॉक अलार्मवाला आहे. त्याच्या ओरडण्यावरून सोसायटीच्या ग्रुपवर माझा उद्धार चालू होताच, पण मी तो मांजरांवर ढकलत होते. रात्री जेवण झाल्यावर मीटर जोडून तिथेच पाट टाकून बसले. डिस्प्लेवर ५.१, ५.१, ५.०. मग पंपरूममधून घुर्र झालं, गाडीच्या पेट्रोल टँकला टेकवलेला हात मुंग्या आल्यासारखा थरथरला आणि आकडा थेट ४८ वर. मोटार बंद झाली तरी तो काही मिनिटं खाली येईना. येतोय तोवर मोटार पुन्हा सुरू. वरच्या टाकीला लेव्हल कंट्रोलर आहे, त्यामुळे मोटार स्वतःच्या मर्जीनं लागते, आणि माझी गाडी पंपरूमच्या भिंतीला खेटून उभी. ट्रॅकरला वाटणार, कुणीतरी गाडी हलवतंय. त्याचं बिचाऱ्याचं कामच ते. मी मात्र इतके दिवस दिवसाउजेडी मोजत होते आणि तेव्हा मोटार बंद असायची. अ‍ॅपमधल्या व्हायब्रेशन अलर्टच्या वेळा उघडून बघितल्या तर सगळ्या रात्रीच्या आणि महापालिकेचं पाणी येतं त्या पहाटेच्या.

टॉर्च घेऊन मामांबरोबर पंपरूममध्ये गेले. मोटारीच्या पायाचे दोन बोल्ट हातानं फिरत होते आणि खाली रबराचा तुकडासुद्धा नाही. प्लंबरनं बोल्ट आवळले, खाली पॅड घातले. मी गाडी समोरच्या खांबापाशी हलवली आणि एसएमएस कमांड देऊन ट्रॅकरची सेन्सिटिव्हिटी एक पायरी उतरवली. आता मोटार चालू असतानाही मीटरवर पाचच. परवा मुद्दाम गाडी न हलवता ठेवली होती ती सकाळी काढली, तर पहिल्या झटक्यात सुरू! डिस्क लॉकही गप्प, आणि ग्रुपवर पुन्हा गुड मॉर्निंगची फुलं यायला लागली आहेत.

लो व्होल्टेज कट-ऑफ (बॅटरी उतरायला लागली की ट्रॅकरचा सप्लाय तोडणारा मॉड्यूल) लावा, असं सुचवणाऱ्यांसाठी: मी तो टेबलावर जोडून बघितला. बाजारात स्वस्तात मिळतो तो मॉड्यूल रिलेवाला असतो, आणि सप्लाय चालू ठेवायला रिलेची कॉइलच तीसेक मिलीअँप खाते. म्हणजे ट्रॅकरवर पहारा ठेवायला ट्रॅकरच्या सहापट खाणारा पहारेकरी. घ्यायचाच तर मॉसफेटवाला, म्हणजे रिलेऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणारा घ्या. मी तूर्तास तोही घेत नाही. त्याऐवजी सीआर२०३२ सेलवर चालणारा ब्लूटूथ टॅग फेअरिंगच्या, म्हणजे बाहेरच्या प्लास्टिक आवरणाच्या आत चिकटवतेय. गाडीच्या बॅटरीवर शून्य भार, आणि चोरानं वायर कापल्या तरी तो जागाच. दोष एवढाच की अनोळखी टॅग आपल्याबरोबर फिरतोय, अशी सूचना चोराच्याही फोनवर येऊ शकते. दुसरी फळी म्हणून ठीक.

आता चेन. ती कशाला तरी पक्की अडकवली तरच गाडी उचलून नेता येणार नाही. खांबापाशी आले तरी खांबाभोवती ती पुरत नाही, आणि खांबात ड्रिल मारायला सेक्रेटरी काका नाही म्हणतात. या बाबतीत मी काकांच्या बाजूनं आहे, आरसीसी खांबातल्या सळीशी खेळू नये. खाली पेव्हर ब्लॉक. त्यात अँकर फास्टनर (भोकात फुगून बसणारा बोल्ट) मारला तर ओढल्यावर ब्लॉकसकट हातात येईल. ऑनलाइन मिळणारे ग्राउंड अँकर सलग काँक्रीटच्या फरशीसाठी बनवलेले असतात, आपल्याकडे त्यांचे पैसे पाण्यात. म्हणून बेत असा: चार ब्लॉक उचलायचे, दीड फूट खोल खड्डा, त्यात काँक्रीट आणि चेन अडकवायला १६ एमएम गुळगुळीत सळीचा यू, खालची टोकं बाहेर वळवलेली. काकांची परवानगी मिळालीय, अट एवढीच की यू जमिनीच्या वर कुणाच्या पायात येता कामा नये.

उद्यमनगरातल्या मिस्त्रींकडे यू टाकणारच होते, पण हे लिहिता लिहिता एक सुचलं. साधी सळी हॅक्सॉनं कापली जाते. तिच्यावर ६२०३ नंबरच्या जुन्या बेअरिंगमधल्या आतल्या रिंगा ओवल्या तर? बोअर १७ एमएम, सळी १६, म्हणजे रिंगा मोकळ्या फिरतील. स्टील कडक, आणि वर पातं टेकवलं की रिंग गरकन फिरणार, पात्याला पकडच मिळणार नाही. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानांत असले बेअरिंग भंगारात पडलेले असतात. अडचण एकच: सळी वाकवायच्या आधी रिंगा ओवाव्या लागतील, आणि सळी तापवून वाकवली तर जवळच्या रिंगांचा टेंपर, म्हणजे कडकपणा जाईल. थंडच वाकवावी लागेल. उद्या मिस्त्रींना विचारते. ते आधी हसतील, मग करून देतील.

कागदपत्रांचं एक राहिलं. इन्शुरन्समध्ये रिटर्न टू इनव्हॉइस (गाडी चोरीला गेली तर बिलाइतकी भरपाई) घेतलाय, कारण सहा महिने उलटले की आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत ठरवताना १५ टक्के घसारा धरतात आणि वर्षानंतर २०. आणि दुसरी चावी गाडीच्या टूलकिटमध्ये ठेवणाऱ्यांनो, ती आजच घरात आणा. चोरीच्या क्लेमला कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते.

काँक्रीट ओतलं की निदान आठवडाभर पाणी मारणार आणि तोवर चेन नुसतीच चाकात राहणार. ६२०३च्या जागी कुणी दुसरी साइज वापरून बघितली असेल तर सळी वाकवायच्या आत कळवा.