अकरा दिवसांची शाळा

नागपूरच्या एका वडार वस्तीत माझे बालपण गेले. आजोबा पाटे-वरवंटे घडवून गावोगाव विकत असत, वडिलांनी उमेदीची वर्षे दगडाच्या खाणीवर काढली, आणि मी सध्या वैद्यकीय पदवीनंतरच्या बंधपत्रित सेवेत जिल्ह्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करते. रविवारी वस्तीत गेले की आयाबाया मुलांना माझ्यासमोर उभे करतात आणि 'ताई, याले काही तरी सांग, डॉक्टर कसं व्हायचं ते' असे म्हणतात. सुरुवातीला मी जिद्द, चिकाटी, स्वप्ने अशा शब्दांचे भाषण करीत असे. मुले ते शहाण्यासारखी ऐकून घेत आणि उठून जात. मग एका रविवारी मी माझी जुनी प्लास्टिकची फाइल नेली, ओट्यावर कागद पसरले, आणि प्रत्यक्षात काय घडले ते सांगितले. तेच येथे लिहीत आहे.

इच्छा मला होतीच. दगडाचा कण डोळ्यात गेल्यामुळे वडिलांना एकदा मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, न्यावे लागले होते, आणि तेथील एका निवासी डॉक्टर ताईंनी मला बॅटरी धरायला सांगितली होती. मी तेव्हा चौथीत होते. तो कण निघताना मी पाहिला आणि घरी येऊन सगळ्यांना सांगितले की मी हेच करणार. कोणी हसले नाही आणि कोणी मनावरही घेतले नाही, कारण आमच्या भावकीत तोवर दहावीच्या पुढे कोणी गेलेच नव्हते.

बारावीनंतर नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या पहिल्या प्रयत्नात मला 720 पैकी 318 गुण मिळाले. 180 प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा, हे नियम मला पाठ होते. परंतु 'सोडून देणे म्हणजे हरणे' अशी घरची शिकवण असल्याने मी जवळजवळ सगळे प्रश्न सोडवले आणि अंदाजाने दिलेल्या उत्तरांत हाती आलेले गुण घालवले. मराठी प्रश्नपत्रिका घेतली होती, पण पारिभाषिक शब्दांपाशी अडखळून शेवटी शेजारची इंग्रजी वाक्ये वाचण्यातच वेळ गेला. दुसऱ्या वर्षी मी शब्द दोन्ही भाषांत लिहून काढले आणि 90 प्रश्नांचे जीवशास्त्र आधी पक्के केले. 6 मे 2018 रोजी पुन्हा परीक्षा दिली. अभ्यासाबद्दल याहून अधिक सांगण्यासारखे माझ्यापाशी नाही. तो सगळ्यांना करावाच लागतो.

खरी परीक्षा जात वैधता प्रमाणपत्राची होती. आमचा समाज राज्यात विमुक्त जाती (अ) या प्रवर्गात येतो आणि त्याला तीन टक्के आरक्षण आहे. मेडिकलला तेव्हा 200 जागा होत्या. त्यांतील 15 टक्के अखिल भारतीय कोट्यात गेल्यावर राहिलेल्या 170 पैकी आमच्या वाट्याला जेमतेम पाच येत. त्या पाचांपैकी एक मिळवायची, तर जातीच्या दाखल्यासोबत वैधता हवी, आणि वैधतेसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा पुरावा हवा. ज्यांचे घर म्हणजे पाल, त्यांच्याकडे सातबारा कोठून असणार? आजोबा शाळेत गेलेच नव्हते. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर जात होती, पण तो दाखला 1961 नंतरचा. कोतवाल बुकातील जन्मनोंदी शोधायच्या, तर आजोबांचा जन्म नेमका कोणत्या गावच्या शिवारात झाला हेच कोणाला ठाऊक नव्हते.

मार्ग दाखवला तो माझ्या आजीने. आजोबांचा एक चुलत भाऊ लहानपणी शाळेत गेल्याचे आणि मास्तरांनी त्याला पाटी दिल्याचे तिला आठवत होते. 'पाटी घेऊन पळाला होता मेला,' ती म्हणाली. उमरेडच्या बाजूचे एक गाव तिने सांगितले. वडिलांनी दोन दिवसांची मजुरी बुडवली आणि आम्ही त्या शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी कपाटातून दाखल-खारीज रजिस्टर काढून दिले आणि आम्ही तिघांनी एकेक पान पाहिले. 1954 सालच्या पानावर चुलत आजोबांचे नाव सापडले, जातीच्या रकान्यात 'वडार' होते, आणि नाव दाखल झाल्यापासून अकराव्या दिवशी 'गाव सोडले' असा शेरा मारून ते कमी केलेले होते. चुलत आजोबांची ती अकरा दिवसांची शाळा माझ्या कामी आली.

रजिस्टरच्या त्या पानाच्या उताऱ्यावर 'मध्यप्रदेश' असे छापलेले होते. एका कार्यालयातील लिपिकाने तेवढ्यावरून आम्हाला परराज्यातले ठरवले आणि अर्ज परत केला. नागपूर 1956 पर्यंत मध्यप्रदेशाची राजधानी होते, ही गोष्ट नागपुरातच बसून एका नागपूरकराला समजावून सांगताना माझ्या वडिलांचा आवाज पहिल्यांदा चढलेला मी ऐकला. अर्ज शेवटी स्वीकारला गेला. वंशावळीचे शपथपत्र झाले, दक्षता पथकाची गृहचौकशी झाली, आणि प्रवेशाची मुदत संपायला चार दिवस उरले असताना प्रमाणपत्र हाती आले.

मुलांना मी आवर्जून सांगते की हे काम अकरावीतच सुरू करा, निकालाची वाट पाहू नका. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राची मुदत तपासा. नीटच्या अर्जात विमुक्त जाती असा प्रवर्ग दिसत नाही म्हणून घाबरून 'खुला' निवडू नका. केंद्राची यादी वेगळी आणि राज्याची वेगळी असते. आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली: वडिलांकडच्या रक्तनात्यात एकाला वैधता मिळाली की पुढच्यांसाठी तो भक्कम पुरावा ठरतो. माझ्या प्रमाणपत्राची प्रत आजवर तीन चुलत भावंडांनी जोडली आहे. त्यांतला एक परिचर्येला आहे. डॉक्टर व्हायचे म्हणणारी सर्वांत धाकटी आहे.

त्या रविवारी भाषणाच्या वेळी उठून जाणारी मुले फाइलपाशी बसून राहिली. माझे 318 गुणांचे पत्रक हातोहात फिरले आणि 'ताई, तू बी नापास झालती?' या प्रश्नावर बराच वेळ चर्चा चालली. सातवीतली एक मुलगी मात्र काहीच बोलत नव्हती. ती आमच्या भावकीतली नाही, तिला माझ्या कागदाचा उपयोग नाही. सगळे पांगल्यावर तिने विचारले, 'आमचा आजा कोणत्या गावी होता, हे कोणाला विचारू?' तिची आजी थकली आहे आणि तिला ऐकू कमी येते. आम्ही दोघी तिच्या खाटेजवळ बसलो, मी मोठ्याने एकेका गावाचे नाव घेऊ लागले, आणि आजीने मान हलवली की ती मुलगी ते नाव वहीत लिहून घेत होती.