पोपडे उडालेली गिटार आणि राहून गेलेलं बेलफास्ट

रोरी गॅलाघर या आयरिश गिटारवादकाच्या खुणा शोधत आम्ही आयर्लंडला जाऊन आलो, त्याची ही गोष्ट. आधी उच्चाराचं सांगतो. आपण ‘गॅलाघर’ म्हणतो, पण आयर्लंडमध्ये तो ‘घ’ गिळून टाकतात. तिकडे ते नाव ‘गॅलहर’. डब्लिनला पहिल्याच संध्याकाळी मी एका वयस्कर गृहस्थांना आपल्या पद्धतीने नाव घेऊन पत्ता विचारला, तर ते हसून म्हणाले, नुसतं ‘रोरी’ म्हणा, पुरे. पुढचे आठ दिवस तेवढ्यावरच भागलं.

हॉस्टेलमध्ये असताना कुणीतरी कुणाकडून तरी भरून आणलेली त्याच्या ‘आयरिश टूर ७४’ या अल्बमची कॅसेट आमच्या खोलीत होती. आवाज इतका दबलेला, की बेस नावाचं वाद्य त्यात आहे हे मला दहा वर्षांनी सीडी घेतल्यावर कळलं. पण गिटार कळत होती. हा माणूस ब्लूज रॉक वाजवतो, आयरिश आहे आणि मरेपर्यंत जवळपास एकच गिटार वाजवत राहिला, एवढ्या भांडवलावर मी तीस वर्षं त्याचा भक्त आहे. भाची नोकरीसाठी डब्लिनला गेली आणि माझं निमित्त जमलं. बायकोला हिरवळ आणि समुद्र बघायचा होता. दोघांचंही साधलं. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५च्या जूनमध्ये गेलो.

व्हिसाचं नीट वाचा, कारण आमचा घोळ तिथेच झाला. आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांमध्ये, नाही, त्यामुळे युरोपचा व्हिसा तिथे चालत नाही. रोरीच्या खुणा मात्र आयर्लंड आणि उत्तर आयर्लंड, दोन्हीकडे आहेत, आणि उत्तर आयर्लंड म्हणजे ब्रिटन. भारतातून काढलेल्या आयर्लंडच्या पर्यटक व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ (ब्रिटिश-आयरिश व्हिसा स्कीम) असं छापलेलं असेल, तर त्याच व्हिसावर ब्रिटनमध्येही जाता येतं. फक्त आधी आयर्लंडमध्ये उतरावं लागतं. आम्हा दोघांच्या व्हिसावर ते होतं. भाचीकडे नव्हतं! ती तिथली रहिवासी, कर भरणारी, पण तिला सीमेपलीकडे पाऊल टाकायला ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागतो. ‘मामा, तुम्ही पाहुणे जाऊ शकता, मी घरची असून नाही,’ ती म्हणाली. तिला मागे ठेवून जाणं जिवावर आलं, म्हणून बेलफास्ट रद्द केलं.

बेलफास्ट सुटल्याची हळहळ अजून आहे. सत्तरच्या दशकात तिथे बॉम्ब फुटत होते, बाहेरचे बँड फिरकत नव्हते, तेव्हा रोरी दरवर्षी जाऊन अल्स्टर हॉलमध्ये वाजवत होता. ‘आयरिश टूर ७४’मधलं ध्वनिमुद्रण बेलफास्ट, डब्लिन आणि कॉर्क इथल्या जानेवारी १९७४च्या कार्यक्रमांचं आहे. त्या हॉलजवळ जानेवारी २०२५मध्ये त्याचा पुतळा बसवला. तुमच्यातल्या सगळ्यांची कागदपत्रं जमत असतील, तर एक दिवस त्यासाठी ठेवाच.

डब्लिनमध्ये टेंपल बार भागात मीटिंग हाउस स्क्वेअरला लागून ‘रोरी गॅलहर कॉर्नर’ आहे. भिंतीवर उंच लावलेली काशाची स्ट्रॅटोकास्टर (त्याच्या इलेक्ट्रिक गिटारचं हे मॉडेल), खाली नावाची पाटी, बस. २००६ साली झालेल्या अनावरणाला यूटू या आयरिश बँडचा गिटारवादक एज हजर होता. मान वर केली नाही तर चुकते. आम्ही दोनदा तिच्याखालून गेलो. सकाळी नऊच्या आत जा. दुपारनंतर त्या गल्ल्या बिअर पिणाऱ्या पर्यटकांनी भरतात आणि फोटोत गिटारपेक्षा टोप्या जास्त येतात.

खरी गिटार बघायची माझी फार इच्छा होती. १९६१ची सनबर्स्ट (मध्ये पिवळसर, कडेला गडद होत जाणाऱ्या रंगाची) स्ट्रॅटोकास्टर, क्रमांक ६४३५१. ऑक्टोबर २०२४मध्ये बॉनहॅम्सच्या लिलावात ती ८ लाख ८९ हजार ४०० पौंडांना गेली. घेणाऱ्या आयरिश कंपनीने ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देऊन टाकली. आम्ही गेलो तेव्हा ती मांडलेली नव्हती. तुम्ही निघण्याआधी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर ती कुठे ठेवली आहे ते बघा. माझ्यासारखं दारापर्यंत जाऊन परत येऊ नका.

बॅलिशॅनन हे त्याचं जन्मगाव, डोनेगल परगण्यात. डब्लिनहून तिथे थेट बस जाते, पण ती एनिस्किलनवरून, म्हणजे उत्तर आयर्लंडमधून. रस्त्यात सीमा कुठे आली ते कळतही नाही, तरी भाचीमुळे आम्ही तो रस्ता टाळला. कॉनली स्टेशनवरून स्लायगोपर्यंत रेल्वे, तीन तासांच्या आसपास. बसस्थानक स्टेशनला लागूनच आहे. तिथून बॅलिशॅनन तासाभराचं. बसमध्ये उजव्या बाजूला बसा. बेनबुल्बेन नावाचा सपाट माथ्याचा डोंगर बराच वेळ सोबत करतो. बायको म्हणाली, ‘हा तर आपला नाशिककडचा वाटतो, फक्त धुऊन हिरवा केलेला.’

रोरी इथे २ मार्च १९४८ला जन्मला. वडील अर्न नदीवरच्या वीजप्रकल्पाच्या कामावर होते. म्हणजे कोयनेच्या वसाहतीत जन्मलेल्या मुलांसारखंच: प्रकल्प आहे म्हणून घर तिथे. पुढे कुटुंब उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात गेलं, आणि १९५६मध्ये आई मुलांना घेऊन कॉर्कला, माहेरी आली. गावाने मात्र एवढ्याशा नात्यावरूनही त्याला आपलं मानलंय. चढाच्या मुख्य रस्त्यावर डेव्हिड अनंड या शिल्पकाराने केलेला, २०१० साली बसवलेला पुतळा आहे. लांब केस, हातात गिटार, वाजवण्याच्या ऐन आवेशातला. आम्ही पोचलो तेव्हा भुरभुर पाऊस होता. पाणी गिटारीच्या तारांवरून घरंगळून खालच्या कडेला थेंब धरत होतं आणि एक मुलगा शाळेचं दप्तर पुतळ्याच्या पायाशी टाकून बुटाची नाडी बांधत होता. गावच्या लेखी तो इतका रोजचा झालाय.

मेअखेर ते जूनच्या पहिल्या सोमवारला जोडून येणाऱ्या सुट्टीच्या आसपास इथे त्याच्या नावाचा महोत्सव असतो. त्या दिवसांत जायचं तर मुक्कामाची सोय कित्येक महिने आधी करा. आम्ही मुद्दाम नंतर गेलो. गाव निवांत मिळालं, पण संगीत शून्य. दोन्हीपैकी काय हवं ते तुम्ही ठरवा. मला विचाराल तर पुढच्या वेळी गर्दीत जाईन.

आमची परतीची बस चुकली आणि दोष सर्वस्वी माझा. ज्या थांब्यावर उतरलो त्याच थांब्यावर जाऊन उभा राहिलो. तो डोनेगलकडे जाणाऱ्या बसचा. आपली बस समोरून, रस्त्याच्या पलीकडून, आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली. ‘मामा, इकडेही डावीकडूनच गाड्या चालतात, पुण्यासारख्या,’ भाचीने आठवण करून दिली. गाड्या फार नाहीत, रविवारी आणखी कमी. वेळापत्रक आदल्या रात्री फोनमध्ये उतरवून ठेवा.

कॉर्कला डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून अडीच तास लागतात. (स्लायगोहून गॉलवेला बस बदलूनही जाता येतं, पण अख्खा दिवस जातो.) केंट स्टेशनातून बाहेर पडलं की पाच-सात मिनिटांवर मॅककर्टन स्ट्रीट. आजोळचा पब याच रस्त्यावर होता आणि रोरी तिथेच वाढला. रस्त्याच्या टोकाशी डावीकडे पूल ओलांडला की ‘मर्चंट्स की’ हा नदीचा धक्का. आज तिथे मोठं दुकानसंकुल आहे. १९६३ साली त्या धक्क्यावर क्रॉलीज नावाचं वाद्यांचं दुकान होतं. तिथे पंधरा वर्षांच्या या पोराने ती वापरलेली स्ट्रॅटोकास्टर शंभर पौंडांच्या आत-बाहेर, उधारीवर घेतली. आधीचा मालक जिम कॉनलन रॉयल शोबँडमध्ये वाजवायचा. त्याने लाल रंगाची मागवली होती, आली ही, म्हणून त्याने ती विकली असं सांगतात. आईला रोरीने पटवलं ते मला फार आवडतं: मी लीड (मुख्य सुरावट) आणि ऱ्हिदम (साथ) दोन्ही वाजवीन, म्हणजे बँडला दुसरा गिटारवाला लागणार नाही!

शोबँड म्हणजे आपल्याकडचा ‘ऑर्केस्ट्रा’ समजा. एकसारखे कोट, त्या महिन्यातली चालती गाणी, नाचणारं पब्लिक. रोरीनेही तिथेच उमेदवारी केली. मग १९६६मध्ये ‘टेस्ट’ हा स्वतःचा बँड, लंडन, १९६८ला रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये क्रीम या गाजलेल्या ब्रिटिश बँडच्या निरोपाच्या कार्यक्रमात आधी वाजवायची संधी, १९७०मध्ये आइल ऑफ वाइटचा संगीत महोत्सव. त्याच वर्षअखेरीस टेस्ट फुटला आणि १९७१पासून तो स्वतःच्या नावाने वाजवू लागला. बेसवर जेरी मॅकअव्हॉय जवळपास वीस वर्षं, धाकटा भाऊ डोनाल व्यवस्थापक. जानेवारी १९७५मध्ये रोलिंग स्टोन्सनी रॉटरडॅमला बोलावून त्याच्याबरोबर वाजवून पाहिलं. पुढे बोलणं रेंगाळलं आणि हा ठरलेल्या दौऱ्यासाठी जपानला निघून गेला. मला यात त्यागबिग काही दिसत नाही. तिकिटं विकली गेली होती, जायलाच हवं होतं.

गिटार साठच्या दशकात डब्लिनमध्ये चोरीला गेली आणि काही दिवसांनी उघड्यावर, पावसात भिजलेली सापडली. रंगाचे पोपडे त्यानेच उडाले असं काही जण म्हणतात. काही जण त्याच्या घामाला दोष देतात. जुन्या वाड्याच्या भिंतीसारखी ती होत गेली आणि त्याने रंग काढला नाही. अंगात चेक्सचा शर्ट, जीन्स, हातात ही.

पॉल स्ट्रीटजवळ ‘रोरी गॅलहर प्लेस’ नावाचा छोटा चौक आहे. १९९७ सालचं, जेराल्डीन क्रीडनचं शिल्प: गिटार वितळून प्रवाह व्हावी तसा आकार, त्यात गाण्यांच्या ओळी. बसायला जागा आहे आणि लोक बसतात. तिथून ग्रँड परेडवरच्या शहर ग्रंथालयात चालत जा. त्यातल्या संगीत विभागाला त्याचं नाव दिलंय. पलीकडेच इंग्लिश मार्केट. जेवण तिथे उरका.

शेवटी सेंट ऑलिव्हर्स स्मशानभूमी. शहराबाहेर, बॅलिनकॉलिगच्या वाटेवर. बसने जाता येतं, चालकाला आधी सांगून ठेवा. डब्लिनचं लीप कार्ड (बस-रेल्वेच्या प्रवासाचं कार्ड) इथेही चालतं. स्मशानभूमी मोठी आहे, पाट्या शोधत बसण्यापेक्षा तिथल्या कुणाला तरी विचारा. फुलं शहरातूनच घेऊन जा.

विमानाची भीती, त्यावरची औषधं, जोडीला दारू, यांत यकृत गेलं. जानेवारी १९९५मध्ये रॉटरडॅमला शेवटचा कार्यक्रम, मग लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये यकृताचं प्रत्यारोपण, नंतर संसर्ग. १४ जून १९९५ला गेला, वय ४७. आम्ही तिसाव्या स्मृतिदिनाच्या चार दिवस आधी तिथे होतो. कबरीवरचा दगड त्याला १९७२मध्ये मिळालेल्या सर्वोत्कृष्ट गिटारवादकाच्या पुरस्काराच्या आकाराचा, सूर्यकिरणांसारखा पसरलेला. पायाशी कुणी कुणी ठेवलेल्या गिटारच्या पिका, म्हणजे तारा छेडायच्या चकत्या. मी ठाण्याहून मुद्दाम एक नवी पीक आणली होती, पण बाकीच्या सगळ्या वापरून कडा गेलेल्या दिसल्या. नवी खिशात परत ठेवली, आणि पाकिटातली घरची, झिजलेली काढून ठेवली.

बायकोने विचारलं, ‘आता घरी काय वाजवणार?’ तेवढ्यात पाऊस वाढला. छत्री एकच होती, थांबा दहा मिनिटांवर. आणि या वेळी मी रस्ता ओलांडून उभा राहिलो.