ई-६१ला लागलेलं ग्रहण आणि ८.४ ग्रॅम सोडा

थांबला. गुरुवारी सकाळी माझ्या एस्प्रेसो मशीनचा बॉयलर भरला आणि पंप आपण होऊन थांबला. मी ओट्यापुढे एकटाच टाळ्या वाजवत होतो. ज्यांनी या बिघाडावरच्या मागच्या तीन नोंदी वाचल्यात त्यांना हे वेड कळेल, बाकीच्यांनी समजून घ्या.

जुनं थर्मोब्लॉक मशीन (बॉयलरऐवजी तापलेल्या धातूच्या ठोकळ्यातून पाणी नेणारं) भाच्याला देऊन जानेवारीत हे एचएक्स, म्हणजे हीट एक्स्चेंजरवालं घेतलं: वाफेच्या बॉयलरमधून एक नळी जाते, कॉफीचं पाणी तिच्यात तापतं. ते चार महिने शहाण्यासारखं वागलं. मे उजाडला आणि रोग सुरू झाला. दूध वाफवलं की बॉयलरमध्ये नवं पाणी घ्यायला पंप लागतो, एरवी पाच-सहा सेकंद. आता तो लागला की लागलाच. वाफेच्या नळीतून वाफेऐवजी पिचकारी, वर कप ठेवायच्या जाळीखाली टपटप, आणि दोनेक मिनिटांनी कंट्रोल बॉक्स हात टेकून दिवा लुकलुकवणार. बंद करून चालू केलं की पुन्हा तेच. फेमा कंपनीने या ग्रुपला (जिथून कॉफी उतरते तो भाग) ई-६१ नाव दिलं ते १९६१च्या सूर्यग्रहणावरून, हे मी पाहुण्यांना कौतुकाने सांगायचो. बाबा म्हणाले, "मग लागणारच की रे."

आधी संशय व्हॅक्यूम ब्रेकरवर (बॉयलर तापताना हवा बाहेर सोडून मग बंद होणारी छोटी झडप), कारण टपटप तिथूनच होत होती. ओ-रिंग बदलली, चाळीस रुपयांत. फरक शून्य. अर्थात, बॉयलर गळ्यापर्यंत भरल्यावर तो बिचारा काय करणार? मग संशय लेव्हल प्रोबवर. वरच्या बाजूने स्टीलची एक काडी बॉयलरमध्ये उतरते, पाणी तिला टेकलं की पाण्यातून बॉयलरच्या अंगाकडे बारीकसा प्रवाह जातो आणि बॉक्सला कळतं, 'भरलं, पुरे'. काडीवर क्षार चढले असणार असं धरून ती काढली, स्कॉच-ब्राइटने घासली, बॉयलर पूर्ण रिकामा केला, घरात पडलेल्या बाटलीबंद पाण्याने भरला. चाललं! तेव्हा घाईघाईने लिहिलेली ती विजयी नोंद आठवते ना? आठवडाभरात पंप पुन्हा बेताल.

मग विक्रेत्याने पाठवलेला माणूस आला. त्याने पाच मिनिटं ऐकलं, झाकणही न उघडता "बोर्ड गेला" म्हणाला, म्हणजे त्या कंट्रोल बॉक्समधलं सर्किट, आणि साडेनऊ हजारांचा आकडा सांगितला. त्या विक्रेत्याचं नाव लिहीत नाही, पण एक मत आता पक्कं झालंय: मशीन घेताना सवलत किती देतात ते नंतर विचारा, आधी विचारा की दुरुस्तीला येणारा मल्टीमीटर घेऊन येतो का.

मीटर शेवटी मीच आणला. पुण्यातल्या तपकीर गल्लीत, सोबत मगरीच्या जबड्यासारख्या दोन क्लिपा आणि वीतभर वायर. दुकानदाराने कशाला विचारलं, मी कॉफीला म्हणालो, त्याने पुढे काही विचारलं नाही. घरी येऊन प्लग काढला, झाकण उघडलं, प्रोबची वायर सोडवून क्लिपने थेट बॉयलरच्या अंगाला जोडली, हात बाहेर काढले आणि मगच मशीन चालू केलं. (आत २३० व्होल्ट उघडे असतात. चालू मशीनमध्ये बोटं घालू नका, मी सांगतोय म्हणून तर मुळीच नाही.) पंप हूं की चूं करेना. म्हणजे बोर्डाला 'भरलं' हा निरोप मिळाला की तो बरोबर वागत होता. बोर्ड ठणठणीत, घासलेला प्रोब ठणठणीत. निरोप नेणारं कोण उरलं? पाणी.

पाण्यात किती क्षार विरघळलेत ते वीज किती वाहते त्यावरून अंदाजे सांगणारा टीडीएस मीटर ड्रॉवरमध्येच होता. आरओचं पाणी: ११.

अकरा! जानेवारीत हेच नव्वदच्या आसपास होतं. मार्चअखेर सोसायटीत टँकर सुरू झाले, टँकरचं पाणी सव्वासहाशे, म्हणून आरओवाल्याला बोलावलं होतं. त्याने नवं मेम्ब्रेन घातलं, गाळलेल्या पाण्यात थोडं मूळ पाणी मिसळणारा मिक्सिंगचा स्क्रू पूर्ण आवळला आणि अभिमानाने म्हणाला, "साहेब, एकदम अकरावर आणून दिलाय." मी वर त्याला चहाही पाजला. इतक्या निर्मळ पाण्यातून वीज धड वाहत नाही. काडी बुडाली तरी बॉक्सच्या लेखी बॉयलर कोरडाच.

मग एप्रिलभर का चाललं? वाफ जाताना क्षार मागेच राहतात, त्यामुळे जुन्या पाण्याची पुंजी बॉयलरमध्ये टिकून होती. ती संपवली बाबांनी. गरम पाण्याच्या नळातून रोज सकाळी एक पेला लिंबू-मधासाठी, संध्याकाळी आणखी एक. जेमतेम १.८ लिटरचा बॉयलर, दर पेल्यामागे क्षार बाहेर आणि अकरावालं पाणी आत. बाटलीबंद पाणीही याच वाटेने गेलं.

पहिला विचार आरओचा स्क्रू सैल करायचा. पण मग मिसळणार ते टँकरचंच पाणी, म्हणजे कॅल्शियमचा थर आणि क्लोराइडने धातूला गंज. एचएक्सच्या नळीत एकदा थर बसला की ती साफ करताना रडू येतं. आपल्याला हवी ती वीज वाहण्यापुरती क्षारता, कॅल्शियम नकोच. ते उत्तर फोडणीच्या डब्याशेजारीच होतं: खायचा सोडा. लिटरला ८४ मिलिग्रॅम. एवढं मोजणारा काटा माझ्याकडे नाही, म्हणून एक लिटर पाण्यात ८.४ ग्रॅम विरघळवले आणि त्यातले दहा मिली दर लिटरला, बिनसुईच्या सिरिंजने. तीन लिटरच्या टाकीला तीस मिली. मीटरवर ५६. बॉयलर रिकामा करून भरला आणि मग ती गुरुवारची टाळी.

खरी मेजवानी पुढे होती. मे-जूनमध्ये मी ज्या आंबट शॉट्सबद्दल रडत होतो आणि ग्राइंडरच्या बर्सना (दळणाऱ्या पात्यांना) शिव्या घालत होतो, ते आठवा. चिकमगळूरची तीच एस-७९५ जातीची कॉफी, भाजून बारा दिवस झालेली, १८ ग्रॅम पूड आत, ३८ ग्रॅम कॉफी बाहेर, २९ सेकंद. ग्राइंडर तसूभरही हलवला नव्हता. आंबटपणाची धार गेली, मागे गूळ आणि चिंचेच्या कोळासारखं काहीतरी उरलं. आधीच्या पाण्यात आम्लाला आवरणारं काहीच नव्हतं, बायकार्बोनेट नेमकं तेच काम करतं. नवे बर्स मागवायच्या बेतात होतो, ते पैसे वाचले. एक गोष्ट मात्र तशीच आहे: सकाळचा पहिला फ्लश (कॉफीआधी ग्रुपमधून नुसतं पाणी सोडणं) फुरफुर थांबेपर्यंत द्यावाच लागतो, नाहीतर शॉट करपतो. त्यात सोड्याचा काही संबंध नाही.

लिहिता लिहिता दोन बेत बदलले. सोड्याऐवजी पोटॅशियम बायकार्बोनेट घ्यावं असं आता वाटतंय, लिटरला १०० मिलिग्रॅम. क्षारता तेवढीच आणि सोडियम नाही. खाण्याच्या दर्जाचं मिळालं की दोन्हींवर डोळे मिटून शॉट पिऊन बघणार, ओळखता येईल याची खात्री नाही. दुसरं, बाबांच्या नळाला मी सोमवारी चिकटपट्टी लावली होती. पण वाफेबरोबर सोडा जात नाही, म्हणजे तो आता आत साठत जाणार, आणि आठवड्याला अर्धा लिटर पाणी काढून टाकणं भागच आहे. पट्टी काढली. पाणी काढायचं काम बाबांकडेच दिलंय, फक्त पेल्यात नाही, बेसिनमध्ये. लिंबू-मधासाठी किटली घेतली आहे. तिच्या पाण्याला चव नाही म्हणतात.