श्रेयनामावलीसाठी लढलेला पटकथाकार

जॉन हॉवर्ड लॉसन यांच्या चित्रपटांविषयी थोडेफार लिहिले जाते. मला मात्र त्यांचे संघटनेतील काम अधिक मोलाचे वाटते. १९३३ साली, महामंदीच्या काळात, हॉलिवूडच्या स्टुडिओंनी निम्म्यापर्यंत पगारकपात जाहीर केली आणि त्याच वर्षी उभ्या राहिलेल्या 'स्क्रीन रायटर्स गिल्ड' या पटकथाकारांच्या संघटनेचे पहिले अध्यक्ष म्हणून लॉसन यांची निवड झाली.

प्रश्न केवळ पैशांचा नव्हता. एकच पटकथा अनेक लेखकांच्या हातांतून फिरवली जाई, काही वेळा तर एकमेकांच्या नकळत, आणि अखेरीस पडद्यावर कोणाचे नाव झळकावे हे स्टुडिओ ठरवत असे. पडद्यावरच्या नावावरच पुढचे काम मिळायचे, त्यामुळे लेखकासाठी हा थेट पोटाचा प्रश्न होता. स्टुडिओंनी गिल्डला मान्यता देण्यास बरीच वर्षे टाळाटाळ केली. पुढे झालेल्या करारात मात्र श्रेय ठरवण्याचा अधिकार लेखकांच्या संघटनेकडे आला. माझ्या मते हा विजय वेतनवाढीहून मोठा होता.

लॉसन कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होते आणि पक्षशिस्तीबाबत ते कठोर होते, हेही नोंदवायला हवे. १९४७ साली अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे पक्षसदस्यत्वाविषयीच्या प्रश्नाचे उत्तर देण्यास त्यांनी नकार दिला. त्यांना तुरुंगवास घडला आणि त्यांचे नाव काळ्या यादीत, म्हणजे स्टुडिओ ज्यांना उघडपणे काम देत नसत अशांच्या यादीत, गेले. त्यामुळे १९५१ सालच्या 'क्राय, द बिलव्हेड कंट्री' या चित्रपटाच्या पटकथेवर काम करूनही त्यांना पडद्यावर श्रेय मिळाले नाही.