सॅल्व्हेज टायटलच्या एनएसएक्सची किंमत मी कशी ठरवली

१९९२ची अक्युरा एनएसएक्स (होंडाची स्पोर्ट्स कार, अमेरिकेत अक्युरा या नावाने विकलेली), पाच गिअरची, ८८ हजार मैल चाललेली, मी ४६ हजार डॉलरला घेतली. त्या सुमाराला तशाच, पण स्वच्छ टायटलच्या गाड्या ७० हजारांच्या आसपास विकल्या जात होत्या. मधले २४ हजार कुठे गेले, तर बहुतेक टायटलवरच्या ‘सॅल्व्हेज्ड’ या शिक्क्यात. ही सूट पुरेशी आहे, कमी आहे की उगाच जास्त आहे, हे ठरवण्यात माझे दोन-तीन महिने गेले. कोणी अशीच गाडी बघत असेल तर त्याला उपयोग होईल म्हणून हे लिहितोय.

भारतातल्या वाचकांसाठी आधी थोडं. अमेरिकेत गाडीच्या मालकीचा कागद म्हणजे टायटल, आणि ते प्रत्येक राज्य आपापल्या नियमांनी देतं. अपघातानंतर दुरुस्ती परवडत नाही असं विमा कंपनीला वाटलं की ती गाडीला ‘टोटल लॉस’ ठरवते. मग कॅलिफोर्नियात डीएमव्ही (तिथलं आरटीओ) जुनं टायटल काढून घेऊन सॅल्व्हेज सर्टिफिकेट देते. गाडी दुरुस्त करून, तपासण्या पार करून पुन्हा रस्त्यावर आणता येते, पण नव्या टायटलवर आणि रजिस्ट्रेशनच्या कागदावर शिक्का राहतो. गाडी दहा हातांतून गेली तरी तो जात नाही.

आपल्याकडेही दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांच्या वर गेला की विमा कंपनी टोटल लॉस धरते, पण आरसीवर असा शिक्का उमटत नाही. त्यामुळे सांगलीला बाबांना फोनवर समजावताना जरा वेळ लागला. बाबांची सगळी नोकरी एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये गेली. ते म्हणाले, “म्हणजे ठोकलेली गाडी घेतोयस होय रे? मग कागदाचं नंतर बघ. चॅसी सरळ आहे का ते आधी बघ, बाकी सगळा पत्रा असतो.” एनएसएक्सला बसगाडीसारखी वेगळी चॅसी नाही, सगळी बॉडी एकसंध आहे, हे मी त्यांना सांगितलं. “मग तर आणखीच नीट बघ,” म्हणाले.

एकसंध, आणि तीही ॲल्युमिनियमची. १९९०मध्ये होंडाने ही गाडी आणली तेव्हा कारखान्यातून नियमित बनून येणाऱ्या गाड्यांमध्ये पूर्ण ॲल्युमिनियमचा मोनोकॉक (एकसंध सांगाडा) असलेली ती पहिलीच. पुढची सगळी गोष्ट या ॲल्युमिनियममुळेच घडली.

विक्रेता एक निवृत्त गृहस्थ. त्याने गाडी २००३मध्ये घेतली तेव्हाच तिच्यावर शिक्का होता. अपघात १९९९चा: सिग्नलला थांबलेली असताना मागून उजव्या कोपऱ्यावर धडक. आधीच्या मालकाने सगळे कागद जपून ठेवले होते आणि गाडीबरोबर याला दिले होते. विमा कंपनीचं पत्र, दुरुस्तीचं एस्टिमेट, बॉडी शॉपचं बिल, मोजमापाचा तक्ता, कॅमेऱ्याच्या रोलवर काढलेले फोटो. ही फाइल नसती तर मी बघायलासुद्धा गेलो नसतो.

फाइलमधलं गणित असं होतं. अपघाताच्या वेळी गाडीची किंमत ३८ हजार डॉलर धरलेली. दुरुस्तीचा अंदाज २४ हजार. म्हणजे ६३ टक्के. एवढ्यावर टोटल लॉस कशी, असा प्रश्न मलाही पडला. उत्तर तिसऱ्या आकड्यात होतं. मोडक्या गाडीला लिलावात १६ हजार मिळतील असा कंपनीचा अंदाज होता. २४ आणि १६ मिळून ४०, म्हणजे ३८ पेक्षा जास्त. गाडी दुरुस्त करून देण्यापेक्षा मालकाला पैसे देऊन भंगार विकणं कंपनीला स्वस्त. कॅलिफोर्नियात कंपन्या असाच हिशेब करतात.

यातली गंमत बघा. भंगाराला १६ हजार का? कारण एनएसएक्सच्या सुट्या भागांना तेव्हाही मागणी होती. साध्या सेडानच्या भंगाराला कोणी विचारत नाही, म्हणून ती वाचते. ज्या गाडीचा एकेक भाग लोकांना हवा असतो, ती लवकर टोटल होते. त्यात ॲल्युमिनियम. मागचा क्वार्टर पॅनल (मागच्या चाकावरचा पत्रा) बॉडीला वेल्ड केलेला असतो, तो कापून नवा बसवायला वेगळा वेल्डर, वेगळी हत्यारं आणि वेगळी जागा लागते. लोखंड घासलेली हत्यारं तिथे चालत नाहीत, कारण लोखंडाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुतले की तिथून गंज सुरू होतो. असं काम करणारी गॅरेजं थोडी, आणि त्यांचे दर त्यांचेच.

मालकाने गाडी सोडली नाही. कंपनीने ३८ मधून १६ वजा करून २२ हजार दिले, गाडी त्याच्याकडेच राहिली. त्याने खिशातले थोडे घालून ती नीट करून घेतली, त्या वेळच्या ब्रेक आणि दिव्यांच्या तपासण्या पार केल्या (आता त्यांच्या जागी दुसरी सुरक्षा तपासणी आली आहे) आणि शिक्क्याचं टायटल घेतलं.

आता हाच अपघात टेक्सासमध्ये झाला असं धरा. तिथल्या नियमात दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त झाला तर सॅल्व्हेज. ३८ हजारांच्या गाडीला २४ हजारांचं काम म्हणजे टायटल स्वच्छ.  आणि आज कॅलिफोर्नियातच असा अपघात झाला तर? गाडी ७० हजारांची झाली आहे. दुरुस्तीचे आणि भंगाराचे दरही चढलेत, पण दोन्हींची बेरीज ७० च्या आत राहिली तर शिक्का नाही. त्या पत्र्याला किती मार बसला, हे शिक्क्यावरून कळत नाही. १९९९मध्ये कोणती रक्कम कोणत्या रकमेपेक्षा मोठी निघाली, एवढंच त्यावरून कळतं.

हे पटलं म्हणून मी लगेच चेक फाडला नाही. फाइल खरी आहे कशावरून?

पहिल्यांदा सरकारी नोंदींचा रिपोर्ट काढला. नॅशनल मोटर व्हेइकल टायटल इन्फर्मेशन सिस्टीम, म्हणजे एनएमव्हीटीआयएस, ही अमेरिकेच्या न्याय खात्याची व्यवस्था आहे. तिच्या मान्यताप्राप्त संकेतस्थळांवर थोडे डॉलर भरले की कोणत्या राज्यात कोणता शिक्का बसला ते दिसतं. विमा कंपन्यांना आणि भंगारवाल्यांना तिथे नोंद करणं बंधनकारक झालं ते २००९पासून. त्यामुळे माझ्या गाडीच्या रिपोर्टमध्ये कॅलिफोर्नियाचा शिक्का होता, पण मार कुठे बसला याबद्दल अक्षर नाही. एक गोष्ट मात्र कळली: शिक्का एकदाच बसलाय, नंतर दुसरं काही नोंदलेलं नाही.

मग तपासणी. एनएसएक्सचंच काम करणाऱ्या एका मेकॅनिकला पैसे देऊन गाडी लिफ्टवर चढवली. रंगाची जाडी मोजायचं माझ्या मित्राचं यंत्र तिथे निरुपयोगी ठरलं. ते चुंबकावर चालतं, त्याला लोखंडाचा पत्रा लागतो. ॲल्युमिनियमसाठी एडी करंटवर चालणारं यंत्र लागतं, ते मेकॅनिककडे होतं. उजव्या मागच्या कोपऱ्यावर रंग जवळपास दुप्पट जाड आला, बाकी सगळीकडे कारखान्याचा.

मला सगळ्यात आवडले ते स्टिकर. या गाडीच्या दारांवर, बॉनेटवर, फेंडरवर, बंपरवर गाडीचा व्हीआयएन (ओळख नंबर) छापलेले छोटे स्टिकर असतात. चोरीच्या भागांचा माग लागावा म्हणून ते लावतात. मूळ भाग बदलून कंपनीचा नवा बसवला तर त्यावर व्हीआयएन नसतो, ‘आर’ आणि ‘डीओटी’ अशी अक्षरं असतात. पूर्ण गाडीत ‘आर’चे स्टिकर दोनच ठिकाणी सापडले, मागचा बंपर आणि उजवा क्वार्टर पॅनल. बिलातही नेमके हेच दोन भाग होते. पुढचा सगळा भाग, दारं, मागचं झाकण, प्रत्येकावर याच गाडीचा नंबर. त्या क्षणी माझा फाइलवर विश्वास बसला.

व्हील अलाइनमेंटचे आकडे चारही चाकांना मर्यादेत आले. म्हणजे बाबांच्या भाषेत चॅसी सरळ. मागचे टायर आतून झिजलेले होते, पण त्याचा अपघाताशी संबंध नव्हता. सुरुवातीच्या एनएसएक्समध्ये मागच्या चाकांचा टो-इन (चाकं पुढून आत वळलेली असणं) जास्त असल्याने त्या मागचे टायर खातातच.

एक गोष्ट लोक विसरतात. शिक्का बघून सगळे एवढे बिचकतात की स्वच्छ गाडीला जे विचारतील ते इथे विचारत नाहीत. १९९१ आणि १९९२च्या काही गिअरबॉक्समध्ये स्नॅप रिंग (आतले भाग जागेवर धरणारी कडी) तुटण्याचा दोष होता, त्यासाठी गिअरबॉक्सचा नंबर बघावा लागतो. माझा त्या मालिकेबाहेरचा निघाला. टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप मात्र करायचे होते, एसीच्या कंट्रोल युनिटमधले कपॅसिटर गळले होते, टायर तर होतेच. सगळं मिळून साडेसहा हजार.

आता भाव. इथे जो तो सांगतो, सॅल्व्हेज म्हणजे २० ते ४० टक्के कमी. ७० हजारांवर २० टक्के म्हणजे १४ हजार आणि ४० टक्के म्हणजे २८ हजार. एवढ्या मोठ्या फटीत भाव कसा काढणार? मी त्या सुटीचे दोन तुकडे केले. एक तुकडा भीतीचा: आत काय दडलंय माहीत नाही, त्याची किंमत. दुसरा बाजाराचा: उद्या मला विकायची झाली तर गिऱ्हाईक कमी, कर्ज मिळत नाही, विमा कटकटीचा. फाइल, स्टिकर आणि अलाइनमेंटने पहिला तुकडा जवळजवळ संपवला होता. दुसऱ्याला औषध नाही. गाडी कितीही देखणी करा, पुढचा माणूस तेच प्रश्न घेऊन येणार. मी त्याचे २५ टक्के धरले. ७० चे साडेबावन्न, त्यातून साडेसहा वजा, ४६.

विक्रेत्याला ५५ हवे होते. हा हिशेब मी त्याच्यापुढे कागदावर मांडला. बाजाराच्या तुकड्यावर तो बराच वेळ अडला. “२००३पासून मला या गाडीने कधी त्रास दिला नाही,” हे त्याचं म्हणणं खरंच होतं. मी विचारलं, तुम्ही २००३मध्ये किती टक्के कमी देऊन घेतली? तो हसला. आकडा त्याने सांगितला नाही, पण आठवड्याने फोन करून ४६ ला हो म्हणाला.

टक्के तेच राहिले तरी डॉलर वाढतात, हेही त्या कागदावर पहिल्यांदा नीट दिसलं. ३८ हजारांच्या गाडीवर २५ टक्के म्हणजे साडेनऊ हजार, ७० हजारांवर साडेसतरा. जुन्या गाड्या महाग होत जातात तसा शिक्काही महाग होत जातो. आणि गाडीत घातलेल्या पैशालाही हीच कात्री लागते, म्हणून पूर्ण रंग वगैरेचा विचार मी सोडून दिला.

अर्थात हे सगळं, दुसरी मिळू शकते अशा गाडीचं. स्वच्छ टायटलची एनएसएक्स शोधली तर सापडते, म्हणून शिक्क्याच्या गाडीचा भाव उतरतो. २०२३मध्ये आरएम सदबीजच्या मॉन्टरे लिलावात १९५४च्या फेरारी ५०० मोंडिअलचा जळून चेपलेला सांगाडा १८ लाख ७५ हजार डॉलरला गेला. तिथे अपघाताबद्दल कोण विचारणार? पत्र्यावर नंबर खरा आहे ना, एवढंच.

पैशाचं: बँकेने शिक्का ऐकूनच नकार दिला, पैसे बचतीतून गेले. बायको म्हणाली, “अरे, बँक ज्यावर पैसे देत नाही त्यावर आपण का देतोय?” प्रश्न रास्त होता. फाइल तिलाही दाखवली.

विम्याचं जरा लांबलं. आमच्या नेहमीच्या कंपनीने फक्त थर्ड पार्टी देऊ केली. शेवटी जुन्या गाड्यांचा विमा करणाऱ्या कंपनीकडे गेलो. तिथे ‘ॲग्रीड व्हॅल्यू’ असते, म्हणजे गाडी गेली तर किती द्यायचे ते आधीच ठरतं, अपघातानंतर घासाघीस नाही. शिक्क्याच्या गाडीला हे असायलाच हवं. त्यांनी स्वतंत्र मूल्यांकन आणि फोटो मागितले. मूल्यांकन करणाऱ्याने ५० हजार लिहिले, तेवढ्याचा विमा झाला.

डीएमव्हीचं काम मात्र सरळ झालं. स्मॉग चेक (धुराची तपासणी) विक्रेत्याने करून दिला होता, मी कर भरला, गाडी नावावर झाली.

परवा एका कार मेळाव्यात भेटलेल्या दलालाने निरोप पाठवला. गाडी त्याला द्यायची, तो ती दुसऱ्या राज्यात नोंदवणार, शिक्का ‘गायब’ होणार, वरचे पैसे निम्मे-निम्मे. पूर्वी असे प्रकार सर्रास चालायचे. गुन्हा तर तो आहेच, शिवाय आता एका राज्याचा शिक्का दुसऱ्या राज्याला दिसतो. मी त्याला एनएमव्हीटीआयएसचा रिपोर्ट पाठवून दिला. अजून उत्तर आलेलं नाही.