दाभोळची हमी आणि रात्रीचे पाणी

सोलापूर जिल्ह्यातील माझ्या मामांच्या गावी थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा आणि दुसरा आठवडा रात्री येत असे. रात्रीच्या आठवड्यात मामा बॅटरी घेऊन उसाला दारे धरायला जात आणि ते परत येईपर्यंत मामी जाग्या राहत. वीजक्षेत्रातील गुंतवणुकीविषयी काहीही वाचू लागलो की मला त्या रात्री आठवतात, कारण त्या पैशाचा उपयोग झाला की नाही हे मी मामांच्या बांधावरून ठरवतो.

भारताने १९९१ नंतर वीजनिर्मिती खासगी आणि परदेशी भांडवलाला खुली केली, तेव्हा सर्वांत मोठे आश्वासन गुहागर तालुक्यातील अंजनवेलच्या किनाऱ्यावर उभे राहिले. एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ वीजप्रकल्पाचा सामंजस्य करार जून १९९२ मध्ये आणि राज्य वीज मंडळाशी वीजखरेदी करार डिसेंबर १९९३ मध्ये झाला. वीज घेतली नाही तरी स्थिर आकार द्यायचा, तोही डॉलरच्या दराशी बांधलेला, आणि त्यामागे राज्याची हमी व राज्याने पैसे दिले नाहीत तर केंद्राची प्रतिहमी, अशी ती रचना होती. १९९५ मध्ये नव्या सरकारने करार रद्द केला, पुन्हा वाटाघाटी झाल्या आणि मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. प्रकल्पाचे इंधन असलेला नाफ्था महागला, रुपया घसरला आणि अंदाजाइतकी वीज उचलली गेली नाही. काही महिने एका युनिटचा खर्च सात रुपयांच्याही पुढे गेला. मे २००१ मध्ये वीज मंडळाने खरेदी थांबवली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एन्रॉन दिवाळखोरीत गेली, आणि राज्य भारनियमन सोसत असताना तो प्रकल्प २००६ पर्यंत बंद पडून राहिला. पुढे कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायूचे उत्पादन घटल्यामुळे २०१३ मध्ये तो पुन्हा थांबला.

परदेशी भांडवल आले हेच चुकले, असे मी मानत नाही. इंधनाचा भाव, चलनाचा दर आणि मागणीचा अंदाज ही तिन्ही जोखीम वीज मंडळ या एकाच ग्राहकावर टाकली गेली आणि त्या ग्राहकाची स्वतःचीच वसुली कच्ची होती, ही खरी चूक होती. सरकारी हमीमुळे कर्ज देणाऱ्यांना धीर मिळाला, पण बिल भरण्याची ऐपत काही हमीतून निर्माण होत नाही.

ही ऐपत वितरणात ठरते, आणि गुंतवणूकदाराचे लक्ष सर्वांत कमी तिथेच जाते. मीटर नसलेल्या कृषिपंपांचा वापर अश्वशक्तीवरून अंदाजाने धरला जातो, त्यामुळे गळती आणि चोरीचा काही भाग शेतीच्या खात्यात लपतो. शेतीची सवलत उद्योगांच्या चढ्या दरातून भरून काढायची, तर उद्योग स्वतःची सौर वीज उभारून किंवा खुल्या बाजारातून वीज घेऊन बाहेर पडू लागतात आणि उरलेल्यांवरचा भार वाढतो.

म्हणूनच मला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना महत्त्वाची वाटते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या आणि २०२३ मध्ये दुसऱ्या टप्प्यात विस्तारलेल्या या योजनेत उपकेंद्राजवळच्या जमिनीवर छोटे सौर प्रकल्प उभारून शेतीच्या वेगळ्या फिडरला, म्हणजे फक्त पंपांसाठीच्या वीजवाहिनीला, दिवसा वीज द्यायची आहे. वीज युनिटमागे तीन रुपयांच्या आसपास मिळते, इंधन आयात करावे लागत नाही आणि वीज लांबून वाहून आणण्यातली गळतीही वाचते. मात्र इथेही करार पंचवीस वर्षांचे आहेत आणि खरेदीदार वितरण कंपनीच आहे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून वीज मोफत झाल्यामुळे त्या विजेचे पैसे राज्याच्या तिजोरीतून वेळेवर येतात की नाही, यावर या छोट्या प्रकल्पांचे हप्ते अवलंबून राहतील. ती रक्कम एक-दोन वर्षे थकली, तर अंजनवेलला एका ठिकाणी जे घडले ते शेकडो उपकेंद्रांच्या कुंपणाशी घडू शकते, ही माझी खरी काळजी आहे.

मामांची शेती आता मामेभाऊ पाहतो. त्याच्या फिडरला अजून सौर वीज जोडलेली नाही, आणि या आठवड्यात त्याची पाळी रात्रीची आहे.