सी बॅचची एसटी

शुक्रवारी रात्री जेवणं झाल्यावर भाची वही घेऊन आली. "आत्या, तू सीआर होतीस ना? माझं भाषण बघ की जरा."

सीआर, म्हणजे वर्गाची प्रतिनिधी, मी होते, पण भाषण केलं नव्हतं. 2001 साल, एस. वाय. बी. ए. तेव्हा 1994चा विद्यापीठ कायदा होता. आदल्या वर्षीच्या गुणांवरून प्राचार्य वर्गाचा प्रतिनिधी नेमायचे. मी एफ. वाय.ला पहिली आले आणि नोटीस बोर्डावर नाव लागलं. मतं मागायला कुणापुढे उभं राहावं लागलं नाही, आणि वर्षभरात कुणी अडचण घेऊन माझ्याकडे आलंही नाही. ते मला अजून लागून राहिलं आहे. प्रतिनिधी वर्गानेच निवडायची तरतूद 2016च्या कायद्याने परत आणली. भाचीच्या वर्गात सोमवारी चिठ्ठ्या टाकायच्यात. त्याआधी प्रत्येक उमेदवाराला दोन मिनिटं.

वहीत पहिली ओळ होती, "सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बंधुभगिनींनो." शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेतली. खाली, "तुमच्या समस्या सोडवण्यास मी सदैव कटिबद्ध राहीन."

"कुठल्या समस्या?" मी विचारलं.

मग ती जी बोलायला लागली! प्रयोगशाळा लहान, म्हणून प्रॅक्टिकलच्या तीन बॅच एकामागून एक. बॅच आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरावरून पाडलेल्या, त्यामुळे शिंदे, वाघ, यादव कायम सी बॅचमध्ये. बुधवार-गुरुवार सी बॅच सुटते सव्वापाचला, जर्नलवर सही होईस्तोवर साडेपाच. गावाकडची एसटी 5.10ची. पुढची 6.40ला. थंडीच्या दिवसांत फाट्यावर उतरेपर्यंत काळोख, आणि तिथून वाडीपर्यंत चालत. सी बॅचमधल्या बावीसपैकी अकराजण त्या बाजूचे. हे तिने अंदाजाने सांगितलं नाही. वहीच्या मागच्या पानावर अकरा नावं होती, प्रत्येकापुढे थांबा आणि घरी पोचायची वेळ. एकीपुढे आठ वाजून दहा मिनिटं लिहिलेलं. ते पान मी दोनदा वाचलं. भाषण तिथे आधीच तयार होतं.

उपायही तिने शोधला होता. दर आठवड्याला बॅचची पाळी बदलायची. प्रयोगशाळेतल्या मामांना विचारून आली होती. ते म्हणाले, सामान तेच लागतं, मला काही फरक पडत नाही, सरांची सही आणा.

अडचण एकच होती. पाळी फिरली की ए बॅचला तीन आठवड्यांतून एकदा शेवटी थांबावं लागणार, आणि वर्गात सगळ्यात जास्त मुलं ए बॅचमध्ये. मी म्हटलं, "हे आत्ता बोलू नकोस. निवडून आल्यावर सांग."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मग त्यांनी मला मत कशाला दिलं, असं होईल ना गं?"

मला उत्तर देता आलं नाही. बरोबर तिचंच होतं. ज्याला त्रास होणार त्याला आधी सांगायचं, त्याच्या तोंडावर सांगायचं. प्रतिनिधीच्या कामाची सुरुवातच तिथून होते, असं मी आता मनापासून मानते.

दोघींनी मिळून भाषण नव्याने लिहिलं. व्यासपीठ गेलं, कटिबद्ध गेलं. आता सुरुवात अशी आहे: "बुधवारी आपल्यातली एक मुलगी रात्री आठ वाजून दहा मिनिटांनी घरी पोचते." नाव घ्यायचं नाही, हे तिनेच ठरवलं. आणि मधोमध, "ए बॅच, तुम्हाला तीन आठवड्यांतून एकदा उशीर होईल. हे मी आज सांगतेय, कारण मत तुम्ही आज देणार आहात." मोठ्याने वाचलं की एक मिनिट पन्नास सेकंद होतात. या वाक्याला पहिल्या दोन वेळा तिचा आवाज बसला. चौथ्यांदा नीट आलं.

काल पाळ्यांचा तक्ता काढायला बसलो. 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेल्या, विद्यार्थी निवडणुकांबद्दलच्या लिंगडोह समितीच्या शिफारशींत छापील पोस्टरला मनाई आहे, हाताने केलेलं चालतं. वर्गापुरत्या निवडीला कोण एवढं बघतंय, पण आम्ही कार्डशीट, पट्टी आणि स्केचपेनच घेतले. मी पहिल्या आठवड्याच्या शेवटच्या रकान्यात 'ए' लिहायला घेतलं, तर तिने माझा हात धरला.

"पहिला आठवडा आमचाच राहू दे आत्या. ए बॅचला घरी सांगायला वेळ मिळेल."

मी 'सी' लिहिलं.